मजकुरात एखादी सबस्ट्रिंग किती वेळा येते हे कोडने मोजणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा शब्द किंवा अक्षरांचा तुकडा दिलेल्या मजकुरात किती वेळा आला आहे, हे मोजणारा प्रोग्रॅम बहुतेक भाषांमध्ये एका ओळीत लिहिता येतो. तरीही त्याच मजकुरावर आणि त्याच शब्दावर दोन प्रोग्रॅम वेगवेगळी उत्तरे देतात आणि दोन्ही आपापल्या व्याख्येनुसार बरोबर असतात. "एकदा आला" असे नेमके कशाला म्हणायचे, हे कोड लिहिण्याआधी ठरवावे लागते. खालील प्रश्नोत्तरांचा रोख त्यावरच आहे, आणि देवनागरी मजकुराकडे त्यांत मुद्दाम अधिक लक्ष दिले आहे, कारण लॅटिन लिपी गृहीत धरून लिहिलेले कोड तिथेच बहुधा चुकते.

सबस्ट्रिंग आणि सबसिक्वेन्स यांत काय फरक आहे?

सबस्ट्रिंगमधील चिन्हे मूळ मजकुरात सलग यावी लागतात. सबसिक्वेन्समध्ये क्रम तोच असावा लागतो, पण मधली चिन्हे वगळलेली चालतात. "ककखख" या मजकुरात "कख" ही सबस्ट्रिंग एकदाच येते, पण सबसिक्वेन्स म्हणून ती चार प्रकारे निवडता येते. सबसिक्वेन्स मोजण्यासाठी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग वापरावे लागते. ते गणित स्वतंत्र असून इथे त्याचा विचार केलेला नाही.

सर्वांत सोपा मार्ग कोणता?

पायथनमध्ये प्रत्येक स्ट्रिंगला "काउंट" ही मेथड असते. तिला शोधायचा तुकडा दिला की ती संख्या परत देते, आणि हवे असल्यास मजकुराचा ठरावीक भागच तपासण्यासाठी सुरुवातीचा आणि शेवटचा इंडेक्सही देता येतो. गो भाषेत "स्ट्रिंग्ज" पॅकेजमधील "काउंट" आणि पीएचपीमध्ये "सबस्ट्र काउंट" हे काम करतात. जावाच्या मूळ स्ट्रिंग क्लासमध्ये असे तयार फंक्शन नाही. तिथे "इंडेक्सऑफ" लूपमध्ये चालवावे लागते किंवा अपाची कॉमन्स लायब्ररीतील "काउंटमॅचेस" वापरावे लागते. जावास्क्रिप्टमध्येही तयार मेथड नसल्याने मजकूर त्या तुकड्यावर "स्प्लिट" करून मिळालेल्या भागांच्या संख्येतून एक वजा करण्याची पद्धत रूढ आहे. तिथे सर्व आढळ शोधणारा "जी" फ्लॅग लावून "मॅच" वापरल्यास एक दक्षता घ्यावी लागते. काहीच सापडले नाही तर ती मेथड रिकामा ॲरे देत नाही, "नल" देते, आणि त्याची लांबी विचारताच प्रोग्रॅम थांबतो.

रुबीमधील "काउंट" या नावावर मात्र विसंबू नये. ती मेथड सबस्ट्रिंग मोजत नाही. दिलेल्या संचातील प्रत्येक चिन्ह मजकुरात किती वेळा आले त्यांची बेरीज देते. "मकमकम" या मजकुरात "कम" ही सबस्ट्रिंग दोनदा आहे, पण रुबीचे "काउंट" पाच हे उत्तर देते, कारण मजकुरातील पाचही चिन्हे क किंवा म आहेत. तिथे "स्कॅन" करून मिळालेल्या यादीची लांबी घ्यावी.

एकमेकांवर चढणारे आढळ मोजले जातात का?

वर उल्लेखलेली बहुतेक तयार फंक्शने ते मोजत नाहीत, आणि उत्तरांमधील सर्वाधिक तफावत इथूनच निर्माण होते. "टकटकटकटक" या मजकुरात "टकटक" शोधला, तर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या चिन्हापासून तो सुरू झालेला दिसतो, म्हणजे एकमेकांवर चढणारे धरून तीन आढळ होतात. पायथनचे "काउंट" मात्र पहिला आढळ सापडल्यावर त्याची चारही चिन्हे ओलांडून पुढे जाते आणि दोन हे उत्तर देते.

कोणते उत्तर हवे हे कामावर अवलंबून असते. शब्द बदलायचे असतील किंवा मजकुराचे तुकडे करायचे असतील, तर न चढणारी मोजणीच योग्य, कारण एकच चिन्ह दोनदा बदलता येत नाही. डीएनए क्रमात एखादा नमुना किती ठिकाणी सुरू होतो हे पाहायचे असेल, किंवा मजकुरातील पुनरावृत्तीचा अभ्यास असेल, तर चढणारे आढळ सोडून देणे म्हणजे माहिती गमावणे होय. डावीकडून पहिला सापडेल तो घेत पुढे जाण्याची पद्धत न चढणाऱ्या आढळांची शक्य तितकी मोठी संख्या देते. सर्व आढळांची लांबी सारखीच असल्याने जो आधी संपतो तो निवडण्यात कधीच तोटा होत नाही.

दोन्ही प्रकारची मोजणी एकाच कोडमध्ये कशी लिहावी?

लूप एकच असतो. फक्त आढळ सापडल्यावर किती पुढे सरकायचे ते बदलते. कोणत्याही भाषेत उतरवता येईल असा आराखडा पुढीलप्रमाणे आहे.

मोजणी = ०
जागा = शोध(मजकूर, तुकडा, ०)
जोपर्यंत जागा ≠ −१ :
  मोजणी = मोजणी + १
  जागा = शोध(मजकूर, तुकडा, जागा + पाऊल)
मोजणी परत द्या

यात "पाऊल" एक ठेवले तर चढणारे आढळही मोजले जातात. "पाऊल" तुकड्याच्या लांबीइतके ठेवले तर ते वगळले जातात. "शोध" म्हणजे पायथनमधील "फाइंड", जावा आणि जावास्क्रिप्टमधील "इंडेक्सऑफ". सी प्लस प्लसमध्ये काही न सापडल्यास "फाइंड" वजा एक देत नाही, "एनपॉस" ही खास किंमत देते, त्यामुळे तुलना तिच्याशीच करावी. सी भाषेत "स्ट्रस्ट्र" पॉइंटर परत देते आणि शोध संपल्यावर नल देते.

रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायच्या नमुन्याचे वर्णन करणारी सूत्रभाषा) वापरून चढणारे आढळ मोजायचे असतील, तर तुकडा लुकअहेडमध्ये ठेवावा. लुकअहेड पुढे काय आहे ते पाहते पण चिन्हे खर्च करत नाही, म्हणून इंजिन पुढच्याच चिन्हापासून पुन्हा शोध सुरू करते.

शोधायचा तुकडा रिकामा असेल तर उत्तर काय यावे?

यावर भाषांचे एकमत नाही. पायथनमध्ये रिकामा तुकडा मोजल्यास मजकुराच्या लांबीपेक्षा एकने जास्त उत्तर येते, कारण प्रत्येक दोन चिन्हांमधली फट आणि दोन्ही टोके मोजली जातात. गो भाषेतही कोड पॉइंटच्या (सर्व लिपींसाठीच्या युनिकोड मानकाने चिन्हांना दिलेल्या क्रमांकांच्या) संख्येत एक मिळवलेली संख्या येते. पीएचपी ८ मध्ये त्रुटी उद्भवते, तर अपाची कॉमन्सचे फंक्शन शून्य देते. स्वतःच्या लूपमध्ये "पाऊल" तुकड्याच्या लांबीइतके असेल, तर रिकाम्या तुकड्यासाठी ते शून्य होते आणि लूप कधीच संपत नाही. वापरकर्त्याने रिकाम्या शोधपेटीत एंटर दाबणे ही अगदी नित्याची गोष्ट आहे. म्हणून फंक्शनच्या पहिल्याच ओळीत हा प्रसंग तपासून शून्य किंवा स्पष्ट त्रुटी द्यावी, असे आमचे ठाम मत आहे.

मला तुकडा नव्हे, पूर्ण शब्द मोजायचा आहे. त्यासाठी शब्दसीमेचे चिन्ह पुरेसे नाही का?

रोमन लिपीतील इंग्रजी मजकुरासाठी ते सहसा पुरते. देवनागरीसाठी पुरत नाही, आणि ही बाब सविस्तर पाहण्यासारखी आहे.

"रामाने आरामात काम केले आणि राम निघाला" हे वाक्य घेऊ. साधी सबस्ट्रिंग म्हणून "राम" यात तीनदा येतो : "रामाने"मध्ये, "आरामात"मध्ये आणि शेवटी स्वतंत्रपणे. स्वतंत्र शब्द म्हणून तो एकदाच येतो. आता पायथनच्या "आरई" मॉड्यूलमध्ये दोन्ही बाजूंना शब्दसीमेचे चिन्ह, म्हणजे बॅकस्लॅश बी, लावून शोधल्यास उत्तर दोन येते. याचे कारण असे की हे मॉड्यूल अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांनाच शब्दातील चिन्हे मानते, तर काना, वेलांटी, उकार, अनुस्वार ही युनिकोडमध्ये अक्षरे नसून जोडचिन्हे आहेत. त्यामुळे "रामाने"मधील म नंतरच्या कान्याजवळ शब्द संपला असे इंजिनला वाटते. "आरामात" मात्र सुटतो, कारण र च्या आधी आ हे खरे अक्षर आहे.

हेच पॅटर्न जावास्क्रिप्टमध्ये चालवले तर उत्तर शून्य येते. तिथे शब्दातील चिन्हे म्हणजे फक्त आस्की (मूळ इंग्रजी) अक्षरे, अंक आणि अधोरेषा. युनिकोडचा "यू" फ्लॅग लावला तरी देवनागरी अक्षरे त्यांत येत नाहीत. इंजिनच्या दृष्टीने जागा आणि र ही दोन्ही शब्दाबाहेरचीच चिन्हे ठरतात, त्यांच्यामध्ये सीमा निर्माणच होत नाही. अशा प्रकारे एकाच वाक्यावर तीन, दोन, एक आणि शून्य अशी चार उत्तरे मिळू शकतात.

उपाय असा की सीमा स्वतः ठरवावी : आढळाच्या लगेच आधी आणि लगेच नंतर अक्षर किंवा जोडचिन्ह नसावे. जावास्क्रिप्टमध्ये "यू" फ्लॅगसह युनिकोड गुणधर्मांचे वर्ग वापरून, लुकबिहाइंड (आधी काय आहे ते पाहणारे) आणि लुकअहेड यांच्या नकारात्मक रूपांनी हे लिहिता येते. पायथनच्या मूळ "आरई" मॉड्यूलमध्ये गुणधर्मांचे वर्ग नाहीत. तिथे वेगळे इन्स्टॉल करावे लागणारे "रेजेक्स" मॉड्यूल घ्यावे, किंवा साधा "फाइंड"चा लूप ठेवून प्रत्येक आढळाच्या दोन्ही बाजूंच्या चिन्हांचा प्रवर्ग "युनिकोडडेटा" मॉड्यूलने तपासावा. प्रवर्गाचे नाव "एल" किंवा "एम" या अक्षराने सुरू होत असेल, तर शब्द अजून संपलेला नाही.

विभक्तीची रूपेही त्याच शब्दात धरायची असतील तर?

मग सबस्ट्रिंग मोजणे हे साधनच अपुरे आहे. "राम" हा तुकडा "रामाने", "रामाला" यांत सापडतो खरा, पण "घोडा" हा तुकडा "घोड्याने"मध्ये सापडत नाही, कारण सामान्यरूपात शब्दाचे अंगच बदलते. शिवाय "आराम" आणि "विराम" हे शब्द "राम"च्या मोजणीत घुसतात ते वेगळेच. रूपे थोडी असतील तर त्यांची यादी करून प्रत्येक रूप पूर्ण शब्द म्हणून मोजावे आणि बेरीज करावी. रूपे पुष्कळ असतील तर शब्दरूपांचे विश्लेषण करणारे साधन आधी चालवून मग मूळ शब्द मोजावेत.

डोळ्यांना तोच शब्द दिसतो, तरी मोजणी शून्य येते. असे का होते?

एकच दिसणारे अक्षर संगणकात वेगवेगळ्या क्रमांनी साठवलेले असू शकते, आणि सबस्ट्रिंगचा शोध दृश्य रूपाची तुलना करत नाही, साठवलेल्या क्रमांकांची करतो. मराठीत याचे नेहमी आढळणारे उदाहरण म्हणजे "दुसऱ्या" या शब्दातील ऱ्य. तो तीन प्रकारे लिहिलेला सापडतो : ऱ हा एकच कोड पॉइंट, यू+०९३१, त्यानंतर हलन्त आणि य, किंवा साधा र, नुक्ता (अक्षराखालचे टिंब), हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारे जोडणीचे चिन्ह) आणि य. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात.

पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे समतुल्य क्रम एकाच रूपात आणण्याच्या प्रक्रियेने, एक होतात. मजकूर आणि शोधायचा तुकडा या दोघांवरही तिचा "एनएफसी" हा प्रकार चालवला की र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. तिसरा प्रकार मात्र तसाच राहतो, कारण जॉइनर असलेला क्रम नॉर्मलायझेशनच्या नियमांत त्याच्याशी समतुल्य मानलेला नाही. म्हणून मराठी मजकूर मोजण्यापूर्वी र, हलन्त, जॉइनर हा क्रम ऱ आणि हलन्त यांनी बदलण्याची एक वेगळी पायरी लिहावी लागते. हीच गत "ॲ"ची आहे : तो एकच कोड पॉइंट म्हणून येतो किंवा अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी, आणि ही दोन रूपेही एनएफसी एक करत नाही. "संबंध" आणि "सम्बन्ध" हे तर लेखनाचेच दोन प्रकार आहेत; ते एक मानायचे की नाही हा निर्णय मोजणाऱ्याने घ्यायचा असतो.

नुक्ता असलेल्या क़ पासून य़ पर्यंतच्या आठ तयार अक्षरांबाबत उलटे घडते : एनएफसी त्यांना जोडत नाही, मूळ अक्षर आणि नुक्ता असे सुटे करते. कोणत्या दिशेने बदल होतो हे लक्षात ठेवण्याची गरज नाही. मजकूर आणि तुकडा दोघांनाही तीच प्रक्रिया लावली आहे ना, एवढे पाहिले की पुरे.

"क" मोजताना "की", "कु" आणि "क्ष" यांतील क देखील मोजला जातो. तो वगळता येईल का?

येईल. "की" हे क आणि वेलांटी असे दोन कोड पॉइंट असतात आणि "क्ष" हे क, हलन्त आणि ष असे तीन. त्यामुळे त्या प्रत्येकात क हा सुटा सापडतो. वाचक ज्याला एक अक्षर म्हणतो त्याला युनिकोडमध्ये ग्राफीम क्लस्टर म्हणतात. मजकुराचे आधी असे गट पाडून मग गटांची तुलना केली, तर "की" आणि "क" वेगळे राहतात. जावास्क्रिप्टमध्ये "इंटल सेग्मेंटर" आणि पायथनमध्ये "रेजेक्स" मॉड्यूल असे गट पाडून देतात. मात्र देवनागरीतील जोडाक्षर एकाच गटात ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये आवृत्ती १५.१ पासून, म्हणजे २०२३ पासून आला. त्यापूर्वीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी "क्ष"चे दोन गट पाडते. हाती असलेली आवृत्ती एका जोडाक्षरावर चालवून पाहावी.

लहान-मोठ्या लिपीचा भेद कसा टाळावा?

देवनागरीत हा भेदच नाही. मिश्र मजकुरातील रोमन शब्दांसाठी दोन्ही बाजू एकाच रूपात आणाव्यात. पायथनमध्ये त्यासाठी "लोअर"पेक्षा "केसफोल्ड" अधिक योग्य आहे. आढळांच्या जागाही नोंदवायच्या असतील तर सावध राहावे : जर्मन भाषेतील एसझेट हे अक्षर केसफोल्डनंतर दोन एस बनते, त्यामुळे बदललेल्या मजकुरातील इंडेक्स मूळ मजकुराला लागू पडेलच असे नाही.

डेटाबेस किंवा स्प्रेडशीटमध्ये असे फंक्शन सहसा नसते. तिथे काय करावे?

मजकुरातून तो तुकडा काढून टाकावा, लांबी किती घटली ते पाहावे आणि त्या फरकाला तुकड्याच्या लांबीने भागावे. एक्सेलमध्ये "लेन" आणि "सब्स्टिट्यूट", तर एसक्यूएलमध्ये लांबीचे फंक्शन आणि "रिप्लेस" यांनी हे होते. ही मोजणी अर्थातच न चढणाऱ्या आढळांची असते. लांबी मोजण्याचे एकक मात्र सगळीकडे एकच ठेवावे. मायएसक्यूएलमध्ये "लेंग्थ" बाइट मोजते आणि "कॅर लेंग्थ" चिन्हे मोजते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड चिन्हे बाइटमध्ये साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असल्याने "मराठी" या शब्दाची लांबी पहिल्या फंक्शनने १५ आणि दुसऱ्याने ५ येते. भागाकारात ही दोन एकके मिसळली की उत्तर नेमके तिप्पट किंवा एकतृतीयांश येते.

फाइलमधील ओळी शोधणाऱ्या ग्रेप या कमांडने मोजणे चालेल का?

चालेल, पण "वजा सी" हा पर्याय आढळ मोजत नाही, आढळ असलेल्या ओळी मोजतो. एका ओळीत शब्द तीनदा आला तरी ती ओळ एकदाच धरली जाते. "वजा ओ" पर्यायाने प्रत्येक आढळ वेगळ्या ओळीवर छापून घ्यावा आणि त्या ओळी "डब्ल्यूसी"ने मोजाव्यात. शोधायच्या तुकड्यात टिंब, प्रश्नचिन्ह किंवा कंस असेल तर "वजा एफ" लावावे, नाहीतर टिंबाचा अर्थ कोणतेही एक चिन्ह असा घेतला जातो. रेग्युलर एक्स्प्रेशन वापरणाऱ्या प्रत्येक भाषेला हे लागू आहे. पायथनमध्ये त्यासाठी "एस्केप" हे फंक्शन आहे.

फाइल मेमरीत मावत नाही इतकी मोठी असेल तर?

ती तुकड्यातुकड्याने वाचावी. पण दोन भागांच्या सांध्यावर अर्धा-अर्धा विभागलेला आढळ हुकू नये याची व्यवस्था करावी. शोधायच्या सबस्ट्रिंगची लांबी चार असेल, तर आधीच्या भागातील शेवटची तीन चिन्हे पुढील भागाच्या सुरुवातीला जोडावीत. तीन चिन्हांत पूर्ण आढळ मावत नसल्याने काहीही दोनदा मोजले जात नाही आणि चढणाऱ्या आढळांची मोजणी अचूक येते.

न चढणाऱ्या मोजणीत एवढ्याने भागत नाही. शेवटची तीन चिन्हे आधीच मोजलेल्या आढळाचा भाग असतील, तर ती पुन्हा वापरली जाऊन मोजणी वाढू शकते. तिथे शेवटच्या मोजलेल्या आढळानंतर उरलेलाच मजकूर पुढे न्यावा, आणि तोही जास्तीत जास्त तीन चिन्हांचा. फाइल बाइट म्हणून वाचत असल्यास तीन बाइटच्या देवनागरी चिन्हाचे मधूनच दोन भाग होतात. त्यामुळे डिकोडिंग सांधे सांभाळणाऱ्या डिकोडरकडे सोपवावे. एक गोष्ट मात्र सोयीची आहे : वैध यूटीएफ-८ मजकुरात वैध यूटीएफ-८ तुकडा बाइट पातळीवर शोधला तरी खोटा आढळ येत नाही, कारण चिन्हाचा पहिला बाइट आणि त्यानंतरचे बाइट यांची ठेवण वेगळी असते.

वेगासाठी विशेष अल्गोरिदम लिहावा का?

एका तुकड्यासाठी सहसा नाही. प्रत्येक जागेवर तुकडा पूर्ण जुळवून पाहणारी साधी पद्धत अत्यंत प्रतिकूल मजकुरात, उदाहरणार्थ एकच अक्षर लाखो वेळा असलेल्या मजकुरात, दोन्ही लांबींच्या गुणाकाराइतका वेळ घेऊ शकते. क्नुथ, मॉरिस आणि प्रॅट यांचा १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला अल्गोरिदम हा वेळ लांबींच्या बेरजेवर आणतो. त्याच वर्षीचा बॉयर आणि मूर यांचा अल्गोरिदम तुकडा उलट बाजूने तपासून मजकुराचे बरेच भाग न पाहताच ओलांडतो. पण ही सुधारणा भाषांच्या लायब्ररींत बव्हंशी आधीच झालेली असते : सीपायथनने (पायथनच्या मूळ अंमलबजावणीने) आवृत्ती ३.१० पासून मोठ्या शोधांसाठी टू-वे अल्गोरिदम स्वीकारला आहे.

अनेक तुकडे एकाच वेळी मोजायचे असतील तेव्हा चित्र बदलते. हजारो शब्दांची यादी घेऊन प्रत्येकासाठी पूर्ण मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा आहो आणि कोरासिक यांचा १९७५ चा अल्गोरिदम वापरावा. तो सर्व शब्दांचे एकच यंत्र तयार करतो आणि मजकूर एकदाच वाचून सगळ्यांची मोजणी देतो. याउलट मजकूर कायम असेल आणि प्रश्न सतत बदलत असतील, तर मजकुराचा सफिक्स ॲरे, म्हणजे प्रत्येक जागेपासून शेवटपर्यंतच्या मजकुरांची वर्णक्रमाने लावलेली यादी, एकदाच बांधून ठेवावा. त्यात कोणत्याही तुकड्याचे सर्व आढळ शेजारीशेजारी येतात, त्यामुळे त्या पट्ट्याची दोन टोके बायनरी सर्चने शोधली की त्यांच्यातील अंतरच मोजणी सांगते.

लिहिलेले फंक्शन बरोबर आहे हे कसे तपासावे?

रिकामा मजकूर, रिकामा तुकडा, मजकुरापेक्षा लांब तुकडा, मजकुराइतकाच तुकडा, अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी असलेला आढळ, स्वतःवर चढणारा तुकडा, टिंब किंवा कंस असलेला तुकडा, आणि ऱ्य वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेला शब्द, एवढे प्रसंग चाचणीत अवश्य असावेत. त्यानंतर प्रत्येक जागेवर सरळ तुलना करणारे एक मंद पण निःसंदिग्ध फंक्शन लिहावे आणि यादृच्छिक मजकुरावर दोन्हींची उत्तरे ताडून पाहावीत. हा यादृच्छिक मजकूर दोनच अक्षरांचा, उदाहरणार्थ फक्त ट आणि क यांचा, घ्यावा. संपूर्ण वर्णमालेतून अक्षरे निवडली तर शोधलेला तुकडा क्वचितच सापडतो आणि चढणारे आढळ जवळजवळ येतच नाहीत. दोन अक्षरांच्या मजकुरात ते सतत येतात, आणि लूपमधील पाऊल चुकीचे असेल तर चाचणी पहिल्या काही फेऱ्यांतच फसते.